जिन्यावरून पडलेल्या बायका

अपघात विभागाच्या खिडकीत बसून नोंदवालीने बारा वर्षं माणसांची मोडतोड लिहून काढली. फुटलेली डोकी, भोसकलेली पोटं, मोडक्या फासळ्या. टेबलावर रक्त सांडलं तर फडक्याने पुसायचं आणि पुढचा नंबर टाकायचा. इथली रीतच अशी, की माणूस दहाव्यांदा आला तरी त्याला नवा केसपेपर, नवा नंबर. त्यामुळे इथे जुनं कुणी नसायचंच.

पण हिरव्या स्वेटरची एक बाई परत परत यायची आणि नोंदवाली तिला ओळखायची. आधी मनगट मोडलं, मग कान फाटला, मग पाठीवर इस्त्रीचं अख्खं टोक उमटलेलं. कारण विचारलं की नवरा खिडकीत वाकून सांगायचा, “जिन्यावरून पडली.” इस्त्री काय जिन्यात गरम करत ठेवली होती, मेल्या? पण रकान्यात तेच लिहावं लागे. डॉक्टर दर वेळी नवे, कागदही नवा. मलमपट्टी करून बाईला पुन्हा त्याच माणसाच्या हवाली करायचे.

पुढच्या खेपेला तो तिला मारूनच आणणार, हे नोंदवालीला दिसत होतं. पुरावा मात्र संगणकातल्या चाळीस हजार ओळींच्या एकाच लांबलचक यादीत विखुरलेला.

“मावशी, तुला डेटाबेस शिकावा लागेल,” औषधांच्या काउंटरवरची भाची म्हणाली. “तक्ते वेगळे करायचे आणि नंबरांनी एकमेकांना जोडायचे.”

मग शोधाशोध सुरू झाली. भाचीचं कॉलेजातलं जाडजूड पुस्तक तिसऱ्याच पानावर गणितात शिरलं आणि डोक्यावरून गेलं. व्हिडिओतला मास्तर घोड्यावर बसून आलेला. ही स्वल्पविराम शोधेपर्यंत त्याचा धडा संपलेला. एका क्लासने तर शिकवण्याआधीच प्रमाणपत्र पाठवलं. चुलीत घाला ते प्रमाणपत्र. शेवटी भाचीने सरावाची एक फुकट साइट काढून दिली. एका वेळी एकच छोटा धडा आणि खाली रिकामी चौकट. तिथे आपण प्रश्न लिहायचा, चुकला तर तिथल्या तिथे कळायचं. धड्यात ग्रंथालय होतं: वाचक एका तक्त्यात, पुस्तकं दुसऱ्यात, कोणी काय नेलं ते तिसऱ्यात. नोंदवालीने वाचकांच्या जागी जखमी बसवले.

“आणणाऱ्यांचाही तक्ता वेगळा कर,” भाची म्हणाली. “ती नावं परत परत येतात ना?”

दोन महिने जेवणाची सुट्टी विभागाची ती लांबलचक यादी अशा तक्त्यांत मोडण्यात गेली. तेवढ्यात बाईचे पुढचे दोन दात गेले. नोंदवाली त्या दिवशी घास न गिळताच उठली.

सातव्यांदा बाई आली ती खांदा निखळून, गळ्यावर बोटांचे वळ घेऊन. तिला आत नेल्याबरोबर नोंदवालीने ती खेप नोंदवली आणि आपल्या तक्त्यांना प्रश्न लिहिला: या माणसाने आजवर कोणाकोणाला आणलं? सात ओळींची अपेक्षा होती. अकरा आल्या. पहिल्या चार दुसऱ्याच बाईच्या होत्या. नातं पत्नी, पत्ता तोच, कारण जिना. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, आणताना मृत. अक्षरन् अक्षर नोंदवालीनेच टाइप केलेलं.

तिने कागद छापला तेव्हा तो खिडकीतच उभा होता. “किती वेळ? घरी न्यायचीय तिला.” मग त्याला कागदावर आपलं नाव दिसलं. त्याने आत हात घालून नोंदवालीची वेणी धरली आणि तिचं तोंड खिडकीच्या चौकटीवर दोनदा आपटलं. भुवई फुटली. पहारेकऱ्याने त्याला मागून धरलं तर तो त्याच्या मनगटाला कडकडून चावला. आणखी दोघे धावले आणि तिघांनी मिळून त्याला जमिनीवर पालथा पाडला.

नोंदवाली तशीच रक्ताळलेली आत गेली आणि डॉक्टरांच्या देखत तिने कागद बाईच्या पुढ्यात धरला.

बाईने पहिल्या चार ओळी सावकाश वाचल्या. “मला म्हणाला होता, पहिली पळून गेली.” तिचं बोट कारणाच्या रकान्यावर थांबलं. “आमचं घर तळमजल्यावर आहे, डॉक्टर. तिथे जिनाच नाही. लिहून घ्या.”

डॉक्टर लिहू लागले. नोंदवालीने एका हाताने भुवईवर फडकं दाबलं आणि दुसऱ्या हाताने केसपेपरवरचा नवा नंबर खोडून बाईचा पहिल्या खेपेचा नंबर घातला.