आर्जामावशीच्या भिंतीवरची काच

आर्जामावशी हातोडीने स्वतःच काचा फोडते, असं अख्खं मोंतेरूपो बोलायचं. इटलीतलं हे आमचं गाव मऊ दगडाच्या कड्यावर बसलंय आणि कडा दरवर्षी थोडाथोडा दरीत जातो. म्हणून भिंतीला चीर गेली की नगरपालिकेचा माणूस चिरेवर आडवी काचपट्टी चिकटवून जातो. काच तडकली म्हणजे भिंत हलली. भिंत हलली म्हणजे घराला सील आणि राहणाऱ्याला खाली नगरपालिकेचा फ्लॅट. "म्हातारीला खाली लिफ्टवाला फ्लॅट हवाय," चौकातल्या बाकावरचे म्हातारे म्हणायचे. कवळीच्या टकटकीसकट ते वाक्य मला तोंडपाठ आहे.

साफ खोटं. काचा आपोआप तडकायच्या आणि मावशी गुपचूप नव्या बसवायची.

मला कळलं ते नाझारेनोकाकांच्या मिशांवरून. काका म्हणजे तिचा गेलेला नवरा. मी तिच्या कोंबडीची नक्कल करून दाखवायला गेले होते (कोंबडीने उत्तरही दिलं), तर फोटोतल्या काकांच्या मिशांवर धूळ! फोटोला काचच नव्हती. लग्नाच्या फोटोलाही नव्हती.

"मावशी, तू..."

"चूप, पोपटीण!" तिने दार लावलं. "याच खोलीत जन्मले मी, याच खोलीत तो गेला. खाली माझं काय आहे? लिफ्ट?"

"लिफ्टमध्ये आरसा असतो म्हणे."

"या तोंडाला आरसा!" ती हसली, पण नजर चिरेवरून हलली नाही.

"तू जिवंतपणी हे घर सोडायची नाहीस," मी म्हणाले. "लाव पैज."

"हरलीस तर?"

"तुझी नक्कल जन्मात करणार नाही." गावात सगळ्यात जास्त हशा तिच्याच नकलेला मिळायचा.

तिच्या घराखाली, रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांनी कोरलेल्या तळघरात, क्विंतोची भट्टी. पर्यटक त्या गुहेचे फोटो काढतात, आम्ही तिथून पाव आणतो. एका सकाळी क्विंतो पिठाच्या हातांनीच वर आला.

"मावशी, नाचतेस की काय घरात? वरून कणकेत वाळू पडतेय!"

"कधीपासून?"

"झाला आठवडा. गिऱ्हाईकं म्हणतात, पाव दातात करकरतो. म्हटलं, इतिहास आहे, चावून खा!" आपल्याच विनोदावर तो खो खो हसला.

"पोरं तुझी कुठे असतात दिवसभर?"

"शाळा सुटली की भट्टीपाशीच. ऊब असते ना."

तो गेला. टेबलावर नवी काच कापून तयार होती. भांड्यात कालवलेलं प्लास्टर दगड झालं, तरी मावशी जागची हलली नाही. मग उठली, भिंतीवरची तडकलेली काच उपटली, एप्रनमध्ये गुंडाळली आणि चौक ओलांडून थेट नगरपालिकेत गेली. बाकावरची टकटक बंद पडली.

"ही पहिली नाही," इंजिनियरपुढे काच ठेवत ती म्हणाली. "आधी क्विंतोच्या पोरांना बाहेर काढा."

दुपारपर्यंत दोन्ही दारांना लाल पट्ट्या लागल्या.

गावाबाहेरच्या पुलावरून आम्ही खाली निघालो. मावशीच्या काखेत कोंबडी, माझ्या हातात काका, क्विंतोच्या डोक्यावर मावशीची गादी. त्याच्या भट्टीलाही सील, तरी तो मावशीचंच सामान वाहत होता.

"ए," शेवटी तो मला म्हणाला, "मावशीची नक्कल कर की. कुणीतरी हसा रे."

मी तोंड उघडलं.

"पैज कोण हरलंय?" मागे न बघताच मावशी म्हणाली.

मी तोंड मिटलं.