सुदानहून फोन

आमच्या आखाडा बाळापूर गावात धान्याच्या मोंढ्याजवळ एक एसटीडी बूथ होता. दर रविवारी दुपारी मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला सायकलवर बसवून तिथं जायचो आणि बाकावर बसून फोनची वाट बघायचो. फोन माझ्या बायकोचा असायचा, थेट आफ्रिकेतून. सुदानच्या दक्षिणेला यादवी चालू होती. गावं सोडून पळालेल्या लोकांच्या एका छावणीत ती नर्स होती. नव्वदच्या दशकाचा तो शेवट. मी बाळापूरच्याच शाळेत शिकवायचो, आणि आमच्या शाळेच्या नकाशावर तो भाग पाण्याच्या डागानं पुसट झालेला होता.

ती तिकडं कशी गेली, ते आधी सांगतो. ती डोंगरकड्याकडची, मेंढपाळाच्या घरातली. लहानपणी सगळं घर मेंढरांमागं फिरायचं. एका उन्हाळ्यात परक्या शिवारात मुक्काम असताना तिच्या धाकट्या भावाला हगवण लागली. जवळच्या गावात डॉक्टर नव्हता, आणि मेंढरं सोडून लांब जायला माणूस नव्हता. ते लेकरू पालातच गेलं. पुढं मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला नांदेडला नर्सिंगला घातलं तेव्हा सगळी भावकी हसली होती.

भूकंपानंतर लातूरकडच्या तंबूंमध्ये तिनं एका परदेशी संस्थेबरोबर काम केलं. त्याच संस्थेनं काही वर्षांनी तिला विचारलं, सुदानला याल का, लहान मुलांच्या हगवणीचा वॉर्ड सांभाळायला माणूस पाहिजे.

मी सरळ नाही म्हणालो. "आपलं लेकरू लहान हाय. अन् तिथं गोळ्या चालून राहिल्या." तिनं वाद घातला नाही. फक्त स्वयंपाक करता करता गप्प झाली, आणि ते गप्प राहणं आठ-दहा दिवस टिकलं. शेवटी मामाच आले. ओसरीवर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "गुरुजी, जाऊ द्या तिला. आपल्या पालाजवळ त्या टायमाला कोनी आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं."

ती गेली. मुलगी दिवसा डोंगरकड्याला आजीजवळ राहायची, संध्याकाळी मी आणायचो. संस्थेजवळ सॅटेलाइट फोन होता. रविवारी प्रत्येकाला त्यावर थोडा वेळ बोलायला मिळायचं. आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळं दोघंही एकदम बोलायचो आणि दोघंही एकदम थांबायचो. ती सांगायची की विमानातून धान्याची पोती टाकतात, बाया ती डोक्यावर वाहून आणतात, आणि तिच्या वॉर्डातल्या मुलांची मनगटं तिच्या अंगठ्याएवढी आहेत.

माघ संपत आला होता त्या रविवारी फोन आला, तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता.

"अहो, ऐकू येऊन राहिलं का? इकडं विमान उतरून नाही राहिलं."

"काहून?"

"पलीकडच्या गावात लढाई लागली. रात्रीपासून लोक येऊनच राहिलेत. वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही."

"तू निघ तिथून. आजच निघ."

"विमान आल्याशिवाय कशी निघू? अन् लेकरांना सलाईन लावलेलं हाय." मागं कुणीतरी ओरडलं. ती त्याच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलली, मग घाईनं म्हणाली, "पोरीला द्या फोन, लवकर द्या."

मी रिसीव्हर मुलीच्या कानाला लावला. ती "आई" म्हणाली आणि माझ्याकडं बघायला लागली. फोन बंद पडला होता.

बूथवाले दादा एका पायानं अधू होते. ते काठी टेकत उठून आले, वायर हलवून बघितली. वायरीचा काही दोष नव्हता.

संस्थेच्या दिल्लीतल्या ऑफिसचा नंबर माझ्याजवळ होता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लावला. एका बाईंनी हिंदीत सांगितलं, की छावणी रिकामी झाली आहे. विमान उतरू शकलं नाही, म्हणून आमचे कर्मचारी लोकांसोबत पायीच निघाले. रेडिओवर संपर्क होत नाही.

"किस तरफ निकले?" मी विचारलं.

"पता नहीं, सर. पता चलते ही बताएँगे."

ही गोष्ट मामांना सांगणं भाग होतं. ते तेव्हा सेनगावच्या पुढं मेंढरं घेऊन गेले होते. मी एसटीनं हिंगोली, तिथून सेनगाव, आणि पुढं जीपला मागं लटकत गेलो. वाटेत मनात एकच घोळत होतं, की तुमच्यामुळं गेली ती, असं तोंडावर म्हणायचं. तुरी निघालेल्या एका रानात त्यांचा मुक्काम होता. मला बघितल्याबरोबर ते उभे राहिले. जावई ऐन शाळेच्या दिवशी इतक्या लांब उगाच येत नाही, हे त्यांना कळलं असावं.

"जिती हाय ना?" त्यांनी विचारलं.

"माहीत न्हाई, मामा. छावणी मोडली. चालत निघालेत सगळे."

ते खाली बसले. बराच वेळ मातीतली ढेकळं बोटांनी फोडत राहिले. मग म्हणाले, "म्याच म्हनलो व्हतो, जाऊ द्या म्हनून." मी जे बोलायला आलो होतो ते त्यांनीच बोलून टाकलं. मी त्यांच्या शेजारी बसलो. थोड्या वेळानं त्यांनी चुलतभावाला हाक मारली, मेंढरं त्याच्यावर सोपवली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि माझ्याबरोबर निघाले.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. मी शाळेत जायचो आणि मामा सकाळपासून बूथवर बसायचे. फोन वाजला की उठायचे. कुणाचा तरी मुंबईहून, कुणाचा हैदराबादहून. मग खाली बसायचे. बाजाराच्या दिवशी आलेली माणसं विचारायची, "काय झालं, पोरीचा पत्ता लागला का?" मामा नुसती मान हलवायचे. एक जण म्हणाला, बाईमाणसाला इतकं लांब पाठवायचं काहून? बूथवाले दादा त्याच्यावर असे भडकले, की तो माणूस फोन न करताच गेला. घरी मी रेडिओला कान लावून बसायचो, पण बातम्यांमध्ये सुदानचं नाव यायचंच नाही. मुलीनं एकदा विचारलं, "आईचं विमान हरवलं का?" मी म्हणालो, विमान नाही हरवलं. ते खोटं नव्हतं.

मग एके दिवशी इयत्ता चौथीचा वर्ग चालू असताना बूथवाल्या दादांनी माणूस पळवत पाठवला. मी खडू हातात तसाच ठेवून धावलो. मामा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभे होते. दिल्लीच्या बाई हिंदीत बोलत होत्या आणि मामांना भीतीनं काही कळत नव्हतं. मी फोन घेतला. बायकोचा गट केनियाच्या सीमेपर्यंत पोचला होता. तिच्या पायांना जखमा होत्या, ताप होता, पण ती जिवंत होती.

"हाय," मी मामांना म्हणालो. "जिती हाय." त्यांनी भिंतीला हात टेकला आणि तसेच उभे राहिले.

दोन दिवसांनी तिचा स्वतःचा फोन आला. आवाज बसलेला होता. मी म्हणालो, "तिकीट करून देतात का ते? कधी निघतेस?"

ती थांबली. मला वाटलं आवाज उशिरा येतोय.

"अहो, सगळे लोक पोचले न्हाईत. अर्धे मागंच गवतात लपलेत. विमानं परत चालू झाली की एक टीम जाणार हाय. त्या बायांची भाषा थोडी मलाच येते."

"डोकं फिरलं का तुझं?" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की रस्त्यावरची माणसं थांबली. "इथं तुझा बाप आठ दिवस बाकावर बसून हाय!"

"बाबा हायेत तिथं? त्यांना द्या."

मामांनी फोन घेतला. ते फार कमी बोलले. "व्हय... व्हय... पाय कसे हायेत?... खाऊन राहिली ना?" मग खूप वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मी ये बी म्हनत न्हाई, अन् जा बी म्हनत न्हाई. तू हुशार हायेस. पर पोरगी तुजी वाट बघती, तेवढं ध्यानात ठेव." आणि फोन माझ्या हातात दिला.

ती परत सुदानात गेली. मी तिच्याशी दोन रविवार धड बोललो नाही, मुलीलाच फोन देत राहिलो. पावसाळा लागल्यावर ती घरी आली. पूर्णा स्टेशनवर उतरली तेव्हा इतकी वाळली होती, की मुलगी माझ्या पायांमागं लपली. मग तिनं "आई" असं हळूच विचारल्यासारखं म्हटलं, आणि बायको फलाटावरच बसली, पोरीला पोटाशी धरून.

त्या वाटचालीचं ती लगेच बोलली नाही. एकदा रब्बीच्या पेरणीच्या दिवसांत, डोंगरकड्याला मामांच्या अंगणात भाकरी थापताना एकदम सांगायला लागली. एका दलदलीतून जायचं होतं. पाणी कमरेपर्यंत, आणि हिला पोहता येत नव्हतं. वॉर्डातल्या एका आजारी मुलाची आई हिचा हात धरून पुढं चालत होती, मूल खांद्यावर बांधून. पलीकडं पोचल्यावर त्यांनी बघितलं, तर मूल गेलेलं होतं.

"मग?" मामांनी विचारलं.

"बायांनी मिळून पुरलं. तिनं तोंड धुतलं. पुढं अजून पाणी होतं. ती आली अन् तिनं परत माझा हात धरला."

मामा उठून मेंढरांकडं गेले. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती मी उलटली.

पुढं दोन हजार सालानंतर कुठल्याशा देशातल्या छावणीसाठी तिला पुन्हा बोलावणं आलं. मुलगी तेव्हा सातवीत होती. या वेळी मला कुणी समजावायला आलं नाही. रागही आला होता, भीती तर पहिल्याइतकीच होती. आम्ही दोघांनी बसून तिची बॅग भरली आणि मी जाड तळाचे बूट आणायला नांदेडला गेलो.