दापोड्याच्या माळावरची वाघाटी

दापोड्याला माझ्या काकांचा एक माळ होता. नुसतं गवत आणि करवंदीच्या जाळ्या. त्याचा गोदामासाठी सौदा ठरला तेव्हा परवानगीसाठी तिथल्या प्राण्यांची नोंद करायचं काम माझ्याकडे आलं. मी कामतघरजवळच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझं नाव काकांनीच सुचवलं होतं. घरची मुलगी आडवी येणार नाही, अशी त्यांना खात्री.

मी जाळीपाशी कॅमेरा लावला. आठवड्याभरात दोन मांजरं त्यात आली. एक रानमांजर, लांब पायांचं. दुसरं इतकं लहान की आधी पिल्लूच वाटलं. मग पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या रांगा दिसल्या. वाघाटी! जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक. इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले होते, पाहिली कधीच नव्हती.

फोटो काकांना दाखवले.

"दोनी मांजराच हायत की," ते म्हणाले.

"कुल एकच, पण प्रजाती वेगळी. रानमांजर आपल्या घरच्या मांजराच्या जवळचं. अजून बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत त्याची फारशी काळजी नाही. वाघाटी मात्र संकटाच्या उंबरठ्यावर आहे, ती नोंदली तर गोदामाची परवानगी अडू शकते."

"मंग पयलाच लिव. दुसरा न्हाय लिवलास तर कोन इचारनार हाय तुला?"

मी दोन्ही लिहिली. खातरजमा करायला वनखात्याचे अधिकारी येणार असं ठरलं.

त्यांच्यासोबत मी गेले तेव्हा माळ काळा पडला होता. "वणवा," काका म्हणाले. शेजारच्या शेतातलं गवत मात्र उभं होतं, आणि जाळ्यांपाशी डिझेलचा वास येत होता. एका जाळीखाली कोळसा झालेलं मांजर सापडलं. मी पायाची लांबी मोजली. रानमांजर होतं, ज्याची यादीत कुणाला काळजी नव्हती तेच. वाघाटी सापडली नाही. जिवंतही नाही, मेलेलीही नाही. अधिकाऱ्यांनी लिहिलं, "आढळली नाही."

ते गेल्यावर मी विचारलं, "काका, आग कुणी लावली?"

"तुज्या लिवन्यानं लागली," ते म्हणाले, आणि घराकडे चालू लागले.

खोटं लिहिलं असतं तर गोदाम झालंच असतं, पण यंत्रं यायच्या आधी ती दोन्ही मांजरं कुठेतरी पळाली तरी असती, असं मला अजून वाटतं.

गोदाम उभं राहिलं. काकांनी वास्तुशांतीला मला बोलावलं नाही. नोंदींचं काम पुन्हा कुणी दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. अकरावीला संवर्धनाचा तक्ता येतो, तेव्हा "पाठ करा" म्हणते आणि पान उलटते.