कूलरखालची गाडी

ऐन नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ रखरखत्या दिवसांत, गाडीच्या वायरीत ओल शिरते, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. घशाला कोरड, अंगणातली तुळस करपलेली, आणि म्हणे ओल! पण त्या ओलीनंच माझ्या नाकी नऊ आणले.

बायकोचं डायलिसिस सुरू होतं. तिची पाळी सकाळची. ऑटोचे हादरे तिला सोसत नव्हते, म्हणून आमची जुनी कार मी तिच्या खोलीच्या खिडकीखाली, दाराला अगदी चिकटून लावायचो. तेवढंच चालणं तिच्यानं व्हायचं. पाळी चुकली की पाय सुजायचे, श्वास चढायचा, आडवं पडता यायचं नाही. रात्रभर तक्क्याला टेकून बसलेलं माणूस बघितलंय कधी? मी बघितलंय. म्हणून गाडी सुरू होणं ही आमच्या घरात गंमत नव्हती.

आणि ही बया नेमकी सकाळीच रुसायची. सेल्फ मारला की खट् आवाज, मीटरवरचे दिवे लुकलुकायचे आणि सगळं गप्प. दुपारी मेकॅनिक आला की पहिल्या सेल्फला सुरू! तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच कांगावा करतो. बॅटरी नवी टाकली, सेल्फ खोलून झाला, अर्थिंगची पट्टी बदलली. गाडी ढिम्म. शेवटी मी हातच टेकले आणि म्हटलं, ‘‘बाबा, येक दिवस सकाळीच ये. तुझ्या डोळ्यांनी पाह्य तिचे नखरे.’’

तो आला. बॉनेट उघडलं, काचेजवळची फ्यूजपेटी चाचपली, खालचा प्लग ओढून काढला. आतल्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर, आणि प्लग चक्क ओला. तो वाकलेलाच होता तेवढ्यात त्याच्या मानेवर एक थेंब पडला. त्यानं वर बघितलं.

‘‘काकाजी, कूलर टपकून राहिला ना तुमचा.’’

खिडकीतल्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांमधून पाणी भिंतीवर, भिंतीवरून बॉनेटच्या फटीत. कूलर रात्रभर चाले, म्हणून सकाळी प्लग ओला. दुपारच्या उन्हात तो सुकून जाई, म्हणून मेकॅनिकसमोर गाडी शहाणी. एवढी साधी गोष्ट, आणि आम्ही सगळे बॅटरीच्या मागे लागलेलो.

त्यानं पिना घासल्या, हवा मारून प्लग सुकवला. म्हणाला, ‘‘पिना खाल्ल्या गेल्या हायेत, नवा प्लग मागवतो. तवरिक याले कोरडं ठेवा. गाडी तरी हलवा, नाहीतर कूलर तरी बंद ठेवा.’’ गाडी दूर लावली तर बायको तिथवर चालणार कशी? आणि तिचा कूलर बंद करायचा, हा विचारसुद्धा मला सहन होईना. मी बाजारातून जाड प्लॅस्टिक आणलं आणि संध्याकाळी बॉनेटवर घट्ट बांधून टाकलं. हे सगळं बोलणं खिडकीआड पडल्या पडल्या तिनं ऐकलं होतं.

उन्हाळ्यात मी गच्चीवर झोपतो. पाळीच्या दिवशी उठलो, बाहेरच्याच जिन्यानं उतरलो, प्लॅस्टिक काढलं आणि सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात सुरू! स्वतःवरच खूश होऊन मी तिला सांगायला आत गेलो.

खोलीत पाय टाकला आणि भट्टीचं दार उघडल्यासारखी वाफ अंगावर आली. कूलर बंद. ती पलंगाच्या कडेला बसलेली, लुगडं घामानं चिंब, केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे. तिला तर पाणीसुद्धा मोजकंच प्यायची परवानगी होती. रात्रभर ती तशी बसली होती.

मी ओरडलो. ‘‘काहून बंद केला वं? मराचं हाय का तुले?’’

ती शांतपणे म्हणाली, ‘‘गाडी चालू झाली ना जी?’’

‘‘म्या प्लॅस्टिक टाकलं होतं!’’

‘‘मले तुमच्या प्लॅस्टिकचा भरोसा नाही वाटला.’’ मग माझा हात धरून उठता उठता म्हणाली, ‘‘मले मराचं नाही जी, जगाचं हाय अजून.’’

इतक्या दिवसांत हे ती कधी बोलली नव्हती. आम्ही दोघं औषधांचं बोलायचो, पथ्याचं बोलायचो, हे नाही. तिला सीटवर बसवलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिचं तोंड पुसलं. गाडी चालवताना रस्ता धड दिसत नव्हता.

त्याच दिवशी कूलरखाली पत्र्याची पन्हाळ ठोकली. नवा प्लग आला, ग्रीस भरून बसवला. कूलर रात्रभर चालू लागला, आणि तिला झोप लागली की नाही ते बघायला मी गच्चीवरून उतरून यायचो.

त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही. तिची एकही पाळी चुकली नाही. पोळ्याच्या सुमारास ती गेली.