आईचा डावा पाय आणि क्लच

देवीवर माझा रागच होता. पक्षाघातानंतर आईचा डावा पाय अधू झाला. वापरला तर ताकद परत येईल, असं डॉक्टर सांगत होते. पण आईने व्यायामच सोडला. "गेला तो पाय," एवढंच म्हणायची. शेवटी तिच्या हट्टापायी तिला घेऊन नाशिक रोडहून वणीच्या गडावर निघाले. मनात म्हटलं, बघू देवी काय करते ते.

नांदुरीच्या अलीकडे क्लच दाबला तर पेडल थेट तळाला गेलं, वर येईचना. गियर पडेना. कशीबशी गाडी कडेला घेतली. पायाखालची मॅट तेलकट होती. दसऱ्याच्या पूजेत आईने गाडीत तेलाचा दिवा ओवाळला होता. त्यातलंच सांडलं असेल, देवाचं तेल कशाला पुसा, म्हणून मी ते तसंच ठेवलेलं. कपाळ माझं!

गडावरच्या दुकानांना साड्या पोचवणारे मालेगावचे एक चाचा आम्हाला पाहून थांबले. मॅटला बोट लावून हसले. ते क्लचचंच तेल होतं. पेडल दाबलं की नळीतलं तेल पुढे रेटलं जातं आणि क्लचला इंजिनापासून सोडवतं, तेव्हा गियर पडतो, असं त्यांनी समजावलं. तेल गळून नळीत हवा शिरली, की पाय नुसती हवा दाबत राहतो. ती काढायला तीन माणसं हवीत. तेलाची बाटली त्यांच्याकडे होती. ते गाडीखाली नट सोडणार, मी बॉनेटपाशी तेल ओतत राहणार.

"अम्मा, क्लच तुम्ही दाबा."

मी पायाचं सांगायला तोंड उघडलं, तोवर आई गाडीला धरधरून ड्रायव्हरच्या दारापाशी आलीसुद्धा. आत बसून तिने डावा पाय पेडलवर ठेवला.

चाचा खालून सांगत होते, दाबा, धरून ठेवा, सोडा. सुरुवातीला पेडल अगदी मऊ होतं. हवा निघत गेली तसं ते घट्ट होऊ लागलं. आईला घाम फुटला. राहू दे म्हटलं, तर डाफरली, "तू तेलाकडे बघ." आजारपणानंतर पहिल्यांदाच ती मला रागावली होती. मला रडूच आलं.

क्लच लागला. चाचा गडापर्यंत आमच्या मागेच राहिले. दर्शन घेताना मागायचं म्हणून नेलेलं काही मागावंसंच वाटलं नाही, नुसते हात जोडले. योगायोग असेलही, मी वाद घालत नाही. देवीने कुठे आणि कुणाच्या हातून द्यावं, हे मी कोण ठरवणार?

गळका भाग केव्हाच बदलून झाला. तरी आई रोज सकाळी बंद गाडीत बसून क्लच दाबते. परवा म्हटलं, आई, आता पुरे.

"थांब गं," ती म्हणाली, "थोडी हवा आहे अजून."