जीभसाहेबांचं नाक

एकतीस वर्षं आमच्या घरात लसूण आला नाही. कांदा यायचा, पण उकडलेला. केसांचं तेल बिनवासाचं, साबण बिनवासाचा, आणि फोडणी म्हणजे नुसता आवाज. लग्नात मावशीने मला अत्तराची एक बाटली दिली होती, ती ह्यांनी पहिल्याच आठवड्यात शेजारणीला देऊन टाकली, मला न विचारता. त्या बाटलीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जायचाही नाही.

ह्या सगळ्याचं कारण ह्यांची जीभ. आमचे हे कॉफीच्या कारखान्यात चव घ्यायचं काम करायचे. मळ्यांवरून पोती आली की प्रत्येक मालातली मूठभर बी काढायची, हलकी भाजायची, दळायची, कपात टाकून वर कढत पाणी ओतायचं आणि चार मिनिटं गप्प बसायचं. वर साय धरते, ती चमच्याने फोडायची, फोडताना नाक कपात घालायचं, आणि मग चमच्याने असा भुरका मारायचा की घरी कोणी तसा मारला तर त्याला ताटावरून उठवतील. मग थुंकायचं. मग लिहायचं, माल कुठल्या जातीचा आणि किती चांगला. खाली ह्यांची सही पडल्याशिवाय एक पोतं हलायचं नाही. कारखान्यात ह्यांना सगळे जीभसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. मला जीभबाई म्हणत, ते मात्र तोंडावर.

लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात ह्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन मुठी कच्च्या बिया पसरून दाखवल्या. नव्या नवरीला फिरायला नेतात लोक, आम्हाला बिया. एक बी लांबट, चपटी, मधली रेघ वाकडी. ती अरेबिका. दुसरी लहान, गोल, रेघ सरळ आखल्यासारखी. ती रोबस्टा. अरेबिका उंच डोंगरावर होते, नाजूक, जरा हवा बदलली की झाड आजारी. चवीला आंबूस, गोडसर, वास फळाचा नाहीतर फुलाचा. रोबस्टा खाली उष्ण हवेत होते, दणकट, किडीला दाद न देणारी, झोप उडवायचं काम अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट करणारी. कडू, जाड, कपावर फेस मात्र तिचाच. भाव अरेबिकाला, राबायला रोबस्टा. मी विचारलं, मग सासूबाई कुठल्या जातीच्या. मला वाटलं हसतील. तर हे पाच मिनिटं खरंच विचार करत बसले आणि म्हणाले, मिश्रण.

तर माणूस असा. वाईट नाही, पण एका चमच्यापलीकडे जग नाही.

माझी थोरली बहीण दुसऱ्या गावात खानावळ चालवते. रोज चाळीस माणसं जेवतात. ताईचे गुडघे गेले तेव्हापासून तिचं एकच पालुपद, दुसरी शेगडी तुझी, कधी येतेस सांग. मला स्वयंपाकाची हौस लहानपणापासून, हात ताईपेक्षा चांगला, हे ताईच सांगते. आणि मी इथे एकतीस वर्षं पथ्याचं जेवण रांधतेय. ह्यांना साठ पूर्ण झाली की कारखान्याची खोली सोडायची आणि ताईकडे जायचं, हे आमचं ठरलेलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज एक दिवस खोडत होते. हे बघायचे, बोलायचे नाहीत.

साठीला दोन वर्षं उरली होती, तेव्हाची गोष्ट. गॅसवर दूध ठेवून मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि वर एकीशी बोलत बसले. खाली उतरते तो करपलेल्या दुधाचा वास जिन्यात आलेला. धावत आत गेले. हे पातेल्यापासून चार हातांवर, टेबलाशी पेपर वाचत बसलेले. शांत. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि विचारलं, तुम्हाला वास नाही आला. हे म्हणाले, कसला. आणि मग ह्यांचा चेहरा उतरला.

हिवाळ्यात ताप येऊन गेला, त्या तापात वास गेला तो गेलाच. दहा महिने झाले होते. डॉक्टर म्हणाले, येईलही, न येईलही. ह्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही. उलट आदल्याच आठवड्यात शेजारणीच्या साबणाचा वास येतो म्हणून तिच्याशी वाद घातला होता. काय म्हणायचं अशा माणसाला? नाटकात असता तर नाव काढलं असतं.

काम कसं भागवलं, तर डोळ्यांनी आणि जिभेने. बीचा आकार बघून जात कळायची. जिभेला आंबट लागलं की अरेबिका, कडू लागलं की रोबस्टा, एवढं जिभेला अजून समजत होतं. पण माल चांगला का नासका, हे जीभ सांगत नाही, ते नाक सांगतं. कॉफीची चव म्हणजे बारा आणे वास. आणि तिथेच घोळ झाला. अरेबिकाचा एक माल आला होता. मळेवाल्याने फळं पाण्यात नको तितकी ठेवलेली, बी आतून आंबून सडलेली. ह्यांनी भुरका मारला, जिभेला छान आंबट लागलं, आणि लिहिलं, उत्तम, आंबटपणा जिवंत. धड नाकाच्या कोणीही तो कप हातभर लांब धरला असता. गिऱ्हाइकाने चाळीस पोती परत पाठवली.

जीभसाहेब चुकतील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हा माल गोदामात सडला असा निकाल लागला. गोदाम सांभाळणारे काका, बावीस वर्षं किल्ल्या त्यांच्याकडे, त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना चवीच्या खोलीत कप धुवायला बसवलं. हे गप्प बसले. मला कळलं तेव्हा मीही गप्प बसले. हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढे मी फार सोशिक बाई वाटेन.

म्हणजे बोलले नाही असं नाही. मालकांना जाऊन खरं काय ते सांगा, म्हणून मी आठवडाभर ह्यांच्या डोक्याशी कटकट केली. शेवटी हे एवढंच म्हणाले, "मला दुसरं काय येतं गं?" अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, हातात चमचा. दोन वर्षं कशीबशी काढू म्हटलं.

तेव्हापासून हे दुपारी जेवायला घरी येताना डब्यात पुड्या घेऊन यायचे, प्रत्येकीवर मालाचा नंबर. मी दारं-खिडक्या लावून दळायची, पाणी ओतायची, चार मिनिटं मोजायची, साय फोडायची आणि नाक घालायची. सुरुवातीला मला नुसता कॉफीचा वास यायचा. मग हळूहळू त्यात निरनिराळं दिसायला लागलं. ही मोसंबीच्या सालीसारखी, ही भाजल्या शेंगदाण्यासारखी, ही ओल्या पोत्यासारखी. हे माझं ऐकून त्याचं त्यांच्या भाषेत करायचे आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांसमोर भुरके मारून तेच लिहायचे. पूर्वी मी शेजारणीकडे जाऊन चोरून झणझणीत खाऊन यायचे. आता तेही बंद. बंद कर असं मला कोणी सांगितलं नव्हतं. नाक बिघडतं म्हणून माझं मीच केलं.

आणि नाक इतकं तयार झालं की माझं मलाच नवल वाटायचं. शंभर बियांत एक कुबट असली तरी मला कळायची. एक वर्ष गेलं, दीड गेलं, एकही माल परत आला नाही. गोदामकाका रस्त्यात भेटले की नमस्कार करायचे, मी पदर सारखा करत पुढे निघून जायची.

साठीला चार महिने राहिले आणि एका दुपारी मालक स्वतः घरी आले. बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की जीभसाहेब, गेल्या दोन वर्षांत तुमचं नाक जसं चाललंय तसं मी माझ्या वडिलांच्या काळापासून पाहिलं नाही. निवृत्तीचं डोक्यातून काढून टाका, आणखी तीन वर्षं राहा. ह्यांनी जमिनीकडे बघितलं आणि म्हणाले, विचार करतो. ह्यांचं विचार करतो म्हणजे हो. एकतीस वर्षांत त्याचा दुसरा अर्थ निघालेला नाही.

माझ्या डोळ्यांसमोर ते कॅलेंडर आलं. माझ्याच नाकाने माझी शिक्षा वाढवली होती. मग मला राहवलं नाही.

"नाक ह्यांचं नाही, माझं आहे," मी म्हटलं. "ह्यांना अडीच वर्षं कसलाच वास येत नाही."

सगळं सांगितलं. पुड्या, डबा, ती चाळीस पोती, गोदामकाका. हे पांढरेफटक पडले. मला वाटलं, आता मालक तडकतील, उद्याच खोली खाली करा म्हणतील. म्हणू देत. सामान बांधायचं, ताईच्या गावची गाडी धरायची, सुटले. पण मालक तडकले नाहीत. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, माल तपासताना बघतात तसे. मग म्हणाले, "मग वहिनी, तुम्हीच या."

मी नाही म्हटलं. त्यांनी आवाज जरासुद्धा चढवला नाही. म्हणाले, अडीच वर्षांच्या सह्या खोट्या होत्या, हे गिऱ्हाइकाला कळलं तर जीभसाहेबांची अब्रू जाईल, माझाही धंदा बसेल. तुम्ही टेबलाशी बसलात तर हे कोणाला सांगायची गरजच नाही. तीन वर्षं फक्त. मी विचारलं, गोदामकाकांच्या किल्ल्यांचं काय. म्हणाले, बघू. ते गेले आणि हे आत जाऊन आडवे झाले. दहा मिनिटांत घोरायला लागले. अडीच वर्षांत पहिल्यांदा माणूस स्वस्थ झोपला होता, आणि मला त्यांच्या तोंडावर पाणी ओतावंसं वाटलं.

ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्यात काय एवढं. पहिल्याच दिवशी सगळं चुकीचं सांग. अरेबिकाला रोबस्टा म्हण, नासक्याला उत्तम म्हण. मालक म्हणतील बाई नुसती बढाई मारत होती, आपण होऊन घरी पाठवतील. मला पटलं. दोन दिवस मी भांडी घासता घासता चुकीची उत्तरं पाठ करत होते.

पहिल्या दिवशी गेले. लांब पांढरं टेबल, सहा कप. मालक होते, गिऱ्हाइकाचा माणूस वही घेऊन उभा होता, आणि किटलीतून पाणी ओतायला गोदामकाका. त्यांनी एकेक कप इतका जपून भरला की थेंब बाहेर नाही. इथे चव चुकली की पहिला संशय कप धुणाऱ्यावर जातो, हे मला ह्यांच्याकडून माहीत होतं. चार मिनिटं झाली. मी साय फोडत गेले. चौथ्याशी आले आणि मागे सरकले. आंबलेला, सडका वास, ज्याच्याबद्दल मी नुसतं ऐकलं होतं तोच. आता उत्तम म्हणायचं होतं. एक शब्द. गोदामकाका किटली धरून उभे होते, आणि त्यांची नजर कपांवर नव्हती, माझ्या तोंडावर होती.

"एक, दोन, पाच अरेबिका," मी म्हटलं. "तीन आणि सहा रोबस्टा, सहा फार स्वच्छ. चार अरेबिका होती, ती नासली आहे. कप चांगला धुतलाय. मालच घेऊ नका."

गिऱ्हाइकाच्या माणसाने माझं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. मालक हसले. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. खूप बरं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं की आता हे लोक मला सोडत नाहीत.

संध्याकाळी ताईला फोन केला आणि म्हटलं, दुसरी शेगडी कोणालातरी देऊन टाक. काय झालं ते सांगितलं.

"दोन वर्षं नवऱ्यासाठी खोटं रेटलंस," ती म्हणाली. "एक दिवस स्वतःसाठी नाही जमलं तुला?"

उत्तराची वाट न पाहता तिने फोन ठेवला, तिची माणसं जेवायला बसायची वेळ झाली होती.