साडभाऊंच्या आठ तारा

माझ्या साडभाऊंइतका, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याइतका, विद्वान माणूस अमरावती-अकोल्यात नाही, आणि त्यांच्याइतका व्यवहारशून्य तर साऱ्या वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही. सायकलवर वायरची बंडलं विकत मी अकोल्याच्या जुन्या शहरात दुकान उभं केलं. समोरच्याचा पहिला भाव आजवर कधी मानला नाही. आणि हे गृहस्थ शेंदूरजनाघाटला संत्री घ्यायला गेले की बागवान सांगेल तो भाव देतात, वर त्यालाच विचारतात, "परवडते ना तुमाले?" सोबत असलो की माझं डोकं फिरतं.

अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते मायक्रोवेव्ह, म्हणजे अतिवेगवान सिग्नलांचं शास्त्र, शिकवायचे. त्यातही जीव एकाच गोष्टीत: शेजारी शेजारी धावणाऱ्या अनेक तारा. एकीतून वेगाचा सिग्नल गेला की त्याचा अंश बाकीच्यांत उतरतो, म्हणून एकीचं गणित एकटीने सुटत नाही, सगळ्यांचं एकदम मांडावं लागतं. हे त्यांनी मला लग्नाच्या पंगतीत समजावलं, पत्रावळीच्या काड्या उपसून ओळीने मांडत. वरण माझ्या मांडीवर आलं तरी त्यांची शेवटची तार बाकीच होती.

पुण्याची एक कंपनी मोबाइल टॉवरची यंत्रं बनवायची. घासाघीस करून मी साडभाऊंना तिथलं काम मिळवून दिलं आणि स्वतःसाठी कंपनीच्या केबलची वऱ्हाडची एजन्सी ठरवली. काम एवढंच: यंत्रातल्या पट्टीवरच्या आठ तारांचा सिग्नल एकमेकींत किती उतरतो ते तपासून अहवालावर सही करायची. कंपनीला घाई होती. लगतच्या दोन-दोन तारांच्या चार जोड्या बघा, लांबच्या सोडून द्या, म्हणाले. मी होकार कळवून टाकला.

"प्रोफेसर, आठाचं चारात भागवा ना!" मी त्यांच्याच घरात ओरडलो.

"संत्री नाहीत ते, साडभाऊ."

"मी शब्द देऊन बसलो! नाक कापता काय माहं?"

"मले इचारलं होतं काय? पहिलीचा आवाज आठवीले ऐकू जाऊन राहिला. नाही जात म्हणून कसा लिहू?"

सही केली नाहीच. आठही तारांचं गणित करतो, थांबा, म्हणाले. कंपनी थांबली नाही. एजन्सी नागपूरच्या एकाने नेली. त्या दिवाळीला मी त्यांच्याकडे फिरकलो नाही.

मग एका दुपारी तेच दुकानात हजर.

"राग गेला काय?"

"नाही."

"बरं, मंग बसतो."

आणि माझी सारी बडबड ऐकत, चहा पीत, संध्याकाळपर्यंत बसले. तेव्हापासून महिन्यातून एकदा येतात. आजही बाजारात कोणी त्यांना येडा म्हटलं की मी गादीवरून उठतो. "पुण्याच्या कंपनीपुढे एक तार कमी केली नाही त्यानं! हाये काय तुमच्या खानदानात असा कोणी?"

आता ते निवृत्त झालेत. मुलगा बंगळूरला बोलावतोय. जायचं जवळजवळ ठरलंय. जावं खुशाल. एजन्सीचा राग माझ्याकडे अजून आहे तसा आहे. पण समोर बसून तो इतक्या शांतपणे ऐकून घेणारा माणूस मी कोणत्या बाजारातून आणू?